कुंडीतील वृक्ष आणि हिवाळा



झाडास थंडी प्रथम कोठे बाधते? पानांस, असे आपण सहज म्हणू. मीही तसेच म्हटले असते. परंतु टोरांटो येथे राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीच्या पत्राने मला विचार करावयास लावले. (मी कला शाखेचा पदवीधर, वनस्पतिशास्त्र माझ्या वाट्यास आले ते असे टपालातून!)

तिच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनी गाव सोडताना आपला वामनवृक्ष तिच्या हवाली केला. झाड बॉक्सवूडचे, वीतभर उंचीचे, पण वीस वर्षे जोपासलेले. फारसीत व उर्दूत यासच शमशाद म्हणतात. बीदरकरांना हे नाव झाडाचे म्हणून नसले, तरी माणसांचे म्हणून खचित परिचित आहे. हिमालयातही या कुळातील झाड आढळते आणि त्याच्या कठीण, गुळगुळीत लाकडाच्या फण्या करतात. पहिल्या हिवाळ्यात बहिणीने तुळशीच्या कुंडीबरोबर हीही कुंडी मायेने उबदार दिवाणखान्यात घेतली. तुळस तगली. शमशादची पाने मात्र गळू लागली आणि एक फांदी पार वाळून गेली.

तुळस उष्ण प्रदेशातील. तिला घरातच घेतले पाहिजे. शमशादला मात्र हिवाळ्यात काही आठवडे गारव्यातील विश्रांती हवी असते. उबेत ती मिळत नाही. त्यात तेथील उजेड तोकडा व तापविलेली हवा कोरडी.

मग कुंडी उघड्यावरच ठेवावी काय? खरी मेख येथेच आहे. पौषातील पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते व ते हातास कोमट लागते, हे तुम्ही अनुभवले असेल. बाहेर कितीही गारठा असो, जमिनीच्या पोटात तो लवकर शिरत नाही. नौबादच्या बहमनीकालीन भुयारी कालव्यात उतरलेल्यांस हे निराळे सांगावयास नको. जमिनीतील झाडास हे संरक्षण फुकट मिळते. कुंडीतील मुळांभोवती केवळ बोटभर जाडीची भिंत! शमशादच्या फांद्या मोठा कडाका सोसतात, पण कोवळी मुळे उणे ३ अंशांच्या सुमारास दगावू लागतात, आणि टोरांटोत पारा कधी कधी उणे २० पर्यंत उतरतो. शिवाय गोठलेल्या मातीतून मुळांस पाणी घेता येत नाही, वर ऊन व वारा पानांतील ओल शोषीतच असतात. बर्फात उभे असलेले झाड असे तहानेने मरते.

दुसऱ्या वर्षी बहिणीने जमीन गोठण्यापूर्वीच घराच्या उत्तरेस, वारा व ऊन दोन्ही चुकतील अशा जागी खड्डा खणला, झाडास भरपूर पाणी दिले, कुंडी काठापर्यंत पुरली आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर घातला. पडलेला बर्फ तिने झटकला नाही. भुसभुशीत बर्फ म्हणजे गोधडीच.

आपल्याकडे संकट उलटे येते. बीदर-कलबुर्गीकडे हिवाळा कुंडीस सहसा मारीत नाही. मे महिन्यात गच्चीवरील कुंडी ४० अंशांवरच्या उन्हात तापते व मुळे भाजतात. तेव्हाही कुंडी सावलीत नेऊन मातीत पुरावी. कारण तेच.

एप्रिलात बहिणीचे पत्र आले. उरलेल्या फांद्यांवर पोपटी पालवी फुटली आहे. वाळलेली फांदी तिने अजून कापलेली नाही.