फॉरमॅट करण्यापूर्वी...

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. खरं तर मी इंग्लिश सेक्शनला लेख देणार होते. पण ज्या रूममेटमुळे हा लेख सुचला ती म्हणाली, "मराठीत लिही. तू नक्की काय केलंस ते मला एकदा नीट कळू दे."

तर झालं असं, की तिच्या मामाने तिला त्याचा जुना मॅकबुक दिला. तिची १ टीबीची हार्ड डिस्क आत्तापर्यंत विंडोजवर वापरलेली. मॅकला जोडली तर सगळ्या फाइल्स दिसतात, उघडतातही, पण नवीन काही कॉपी करायला गेलं की होत नाही. ती सिव्हिलची, मी कॉम्प्युटरची. "तू कॉम्प्युटरची ना, मग दे करून!" झालं, मी लगेच एक्स्पर्ट.

डिस्क बिघडली नव्हती, प्रश्न फाइल सिस्टिमचा होता. फाइल सिस्टिम म्हणजे आपल्या रेक्टर मॅडमचं रजिस्टर समजा. कोण कुठल्या रूममध्ये, कुठली रूम रिकामी, सगळं त्यात. एका फाइलचे तुकडे डिस्कवर कधी कधी लांब लांब पडलेले असतात, ते कुठे आहेत हे रजिस्टरलाच माहीत. विंडोजचं रजिस्टर म्हणजे एनटीएफएस, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेलं. मॅकला ते वाचता येतं, पण त्यात स्वतःहून नोंद करता येत नाही. मॅकचं स्वतःचं रजिस्टर म्हणजे एपीएफएस (२०१७ पासून, त्याआधी एचएफएस प्लस), आणि ते विंडोजला वाचताही येत नाही. अशी डिस्क विंडोजला जोडली तर कधी कधी 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा मेसेज येतो. तिथे घाबरून ओके दाबू नका, कॅन्सल करा! आतला डेटा शाबूत असतो.

दोन्हीकडे चालणारं रजिस्टर म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलं, मॅकला चालतं, आणि २०१९ च्या ५.४ कर्नलपासून लिनक्समध्येही आहे, म्हणजे लॅबमधल्या मशीनचीही सोय झाली. मग ठरलं, एक्सफॅट करायचं.

फॉरमॅट म्हटलं की आधी बॅकअप, एवढं मलाही कळतं हो! तिचा डेटा २६ जीबीच्या आसपास. माझ्या लॅपटॉपवर जागा नव्हती (का नव्हती ते विचारू नका), म्हणून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि मेसला जायची घाई असताना कॉपी सुरू केलं. मध्येच एक मेसेज आला, फाइल फार मोठी आहे म्हणून. पेनड्राइव्हवर जागा तर दिसत होती. मी स्किप दाबलं आणि जेवायला गेले.

तो पेनड्राइव्ह होता फॅट-३२. त्याच्या रजिस्टरमध्ये फाइलची साइज लिहायला ३२ बिटच असतात, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह कितीही रिकामा असो, त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. सेकंड इयरला हे परीक्षेत लिहून मी मार्क्स मिळवलेत!

जेवून आल्यावर मॅकवर डिस्क युटिलिटी उघडली. व्ह्यू मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस', मग सगळ्यात वरची ओळ म्हणजे पूर्ण डिस्क सिलेक्ट करायची (खालचं पार्टिशन नाही, आणि मॅकची स्वतःची डिस्क तर मुळीच नाही), मग इरेज, फॉरमॅटमध्ये एक्सफॅट, स्कीममध्ये 'गुइड पार्टिशन मॅप'. अर्ध्या मिनिटात काम फत्ते. मी तिच्याकडून चहासुद्धा वसूल केला.

दोन दिवसांनी तिने विचारलं, "अगं, बाबांचा व्हिडिओ कुठाय?"

तिचे बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तेव्हा डेपोत निरोप समारंभ झाला, त्याचं शूटिंग. ६ जीबीची एकच फाइल. तीच मी स्किप केली होती, आणि तिची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

फॉरमॅट केल्यावर डेटा लगेच पुसला जात नाही. जुनं रजिस्टर फाडून नवं कोरं ठेवतात, मुली आपापल्या रूममध्येच असतात. (विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली तर मात्र व्हिस्टापासून सगळीकडे शून्य लिहिलं जातं. मग आशाच सोडा.) म्हणून अशा वेळी पहिलं काम, त्या डिस्कवर नवीन काहीही टाकायचं नाही. आमच्या बाईसाहेबांनी त्या दोन दिवसांत त्यावर तीन सिनेमे टाकले होते! पण तिला सांगायला हवं होतं मीच.

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते रजिस्टरकडे बघतच नाही, प्रत्येक रूमचं दार वाजवून आत कोण आहे ते बघतं. सापडलेल्या फाइल्स ठेवायला वेगळी डिस्क लागते, ती शेजारच्या रूममधून आणली. रात्रभर चाललं. सकाळी हजारो फाइल्स, नावं गायब, नुसते नंबर. फोटो मिळाले, तिच्या असाइनमेंट्स मिळाल्या, म्हणजे जे पेनड्राइव्हवर आधीच होतं ते सगळं परत मिळालं. व्हिडिओसारखी एक मोठी फाइलही होती, पण उघडलीच नाही. तुकडे लांब लांब असले की रजिस्टरशिवाय कुठला कुठे जोडायचा ते त्याला सहसा जमत नाही. शिवाय ते तीन सिनेमे होतेच.

आता मी कॉपी झाल्यावर दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि बाइट जुळवते, आणि सगळ्यात मोठी फाइल नव्या जागेवरून उघडून बघते. दोन मिनिटं लागतात. एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे लिहिताना मध्येच केबल ओढली तर सावरणं अवघड, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही. आणि मॅकच्या टाइम मशीनचा बॅकअप एक्सफॅटवर घेता येत नाही, त्यासाठी वेगळं पार्टिशन ठेवा.

तिने बाबांना अजून सांगितलेलं नाही. समारंभात डेपोतल्या एका काकांनी मोबाइलवर थोडं शूटिंग केलं होतं म्हणे, दिवाळीत घरी गेली की ती त्यांना विचारणार आहे. मिळालं तर माझ्याकडे कॉपी करायला द्यायचं नाही, हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय.