मॉलमधील पुस्तकदालने आणि मराठी ग्रंथव्यवहार

लेखक आणि कलाकृती यांचा विचार मराठी समीक्षेत विपुल झाला आहे. पुस्तक वाचकाच्या हाती कसे पोहोचते याचा विचार त्या मानाने अल्प आहे. रोबेर एस्कार्पी या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या साहित्याच्या समाजशास्त्रावरील ग्रंथात वितरणाला निर्मिती व ग्रहण यांच्या बरोबरीचे स्थान दिले. सुशिक्षितांचे आणि सामान्यजनांचे अशी ग्रंथव्यवहाराची भिन्न वर्तुळे त्याने मानली. ही दृष्टी स्वीकारून 'क्रॉसवर्ड' या दालनसाखळीच्या उत्कर्षापकर्षाचा आणि त्यातून मराठी ग्रंथव्यवहारासंबंधी उपस्थित होणाऱ्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

१. उत्कर्ष

'क्रॉसवर्ड'चे पहिले दालन १९९२ साली मुंबईत महालक्ष्मी येथे सुरू झाले. आर. श्रीराम हे त्याचे एक संस्थापक. पारंपरिक दुकानात ग्राहकाने नाव सांगावयाचे आणि विक्रेत्याने फळीवरून पुस्तक काढून द्यावयाचे, अशी रीत होती. नव्या दालनाने ती मोडली. उघडी मांडणी, बसण्याची सोय, मुलांसाठी वेगळा कोपरा यांमुळे पुस्तक विकत न घेताही चाळण्याचा हक्क वाचकाला मिळाला. पुढे 'शॉपर्स स्टॉप'ने ही साखळी आपल्याकडे घेतली आणि मॉलसंस्कृतीबरोबर ती पसरली. १९९८ मध्ये साखळीने साहित्य पुरस्कार सुरू केला. परंतु त्याचा मुख्य भर इंग्रजी लेखनावर आणि भारतीय भाषांतून इंग्रजीत झालेल्या अनुवादांवर होता. मराठी लेखकाला या वर्तुळात प्रवेश होता तो प्रामुख्याने अनुवादाच्या दारातून, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

२. अपकर्ष

या साखळ्यांच्या ऱ्हासाचे खापर वाचनाच्या ऱ्हासावर फोडले जाते. ते अर्धसत्य आहे. पुस्तकाची किंमत त्यावर छापलेली असते. विक्रेत्याला ती वाढविता येत नाही. जागेचे भाडे मात्र वाढत राहते. त्यातच २००७ मध्ये बंगळूरू येथे 'फ्लिपकार्ट'ने पुस्तकविक्रीनेच आपला व्यवसाय आरंभिला आणि २०१३ मध्ये 'ॲमेझॉन' भारतात आले. दालनात पुस्तक पाहावे आणि सवलतीत घरी मागवावे, असा व्यवहार रूढ झाला. परिणामी फळ्यांवर खेळणी, लेखनसाहित्य आणि भेटवस्तू वाढल्या. चेन्नईत १९८७ साली सुरू झालेल्या आणि पुढे टाटा समूहाकडे गेलेल्या 'लँडमार्क'चीही वाट हीच. अमेरिकेत १९७१ पासूनची 'बॉर्डर्स' ही साखळी २०११ साली बंदच पडली. 'क्रॉसवर्ड'वर ती वेळ आली नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर, २०२१ मध्ये, पुण्याच्या एका उद्योगसमूहाने ती विकत घेतली.

३. मराठीचा पर्यायी मार्ग

मॉलमधील दालन येणाऱ्याजाणाऱ्या ग्राहकाची वाट पाहते. म्हणून आधीच गाजलेले पुस्तक तेथे दर्शनी जागी असते. याउलट १९७४ साली सुरू झालेल्या 'ग्रंथाली' वाचक चळवळीने वाचक आधी जमविला आणि पुस्तक नंतर छापले. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने याच मार्गाने वाचकांसमोर आली. वितरणाची पद्धती केवळ खप ठरवीत नाही, तर कोणता अनुभव साहित्यात प्रविष्ट होईल यावरही तिचा प्रभाव पडतो, हे यातून स्पष्ट व्हावे. या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

तथापि मॉलमधील दालनाने दिलेले एक मूल्य दुर्लक्षून चालणार नाही. संगणकाच्या पडद्यावर शोध घेण्यासाठी पुस्तकाचे वा लेखकाचे नाव ठाऊक असावे लागते. नवख्या कवीचा पहिला संग्रह नावाने कोण शोधणार? तो हाती लागतो चाळताना. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकत्र नांदणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात तर शेजारच्या भाषेचे पुस्तक सहज दृष्टीस पडणे, हीच तौलनिक अभ्यासाची पहिली पायरी होय.

४. समारोप

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांचे जाळे अनुदानाच्या आधाराने उभे राहिले. ग्रंथालयाला भाड्याची आणि नफ्याची चिंता दुकानाइतकी नसते. मॉलला न पेललेला चाळण्याचा हक्क ते टिकवू शकते. त्यासाठी बंद कपाटांऐवजी मुक्तद्वार पद्धती हवी. महाविद्यालयीन ग्रंथालयात तिचा आग्रह धरणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या वाचनालयातील दाखल नोंदवही आणि देवघेवीच्या नोंदी ताडून पाहिल्यास कोणते पुस्तक आले, कोणते वाचले गेले आणि कोणते कपाटातच राहिले, हे कळू शकेल. मराठी वाचकाविषयीची अनेक ठाम विधाने त्या कसोटीवर तपासून घेण्याची आवश्यकता आहे.