रंगूनमध्ये काय पाहावे?

रंगूनला, म्हणजे १९८९ पासूनच्या यांगूनला, जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी प्रथम कोठे जावे? बहुतेकजण श्वेडगॉनचे नाव घेतील. आमचे मत निराळे आहे. आधी कबा अये पाहावे.

कबा अये म्हणजे जागतिक शांती. ब्रह्मदेशाचे तेव्हाचे पंतप्रधान ऊ नू यांच्या पुढाकाराने हा स्तूप १९५२ मध्ये पुरा झाला. त्याच्या आवारात महापासाण गुहा आहे. बाहेरून ती दगडांची टेकडी वाटते, आत मात्र प्रचंड सभागृह आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेत पहिली संगीती भरली होती. तिची आठवण म्हणून ही गुहा बांधली. सहावी संगीती येथेच १७ मे १९५४ ते २४ मे १९५६ या काळात झाली आणि अनेक थेरवादी देशांच्या भिक्खूंनी पाली त्रिपिटकाचा पाठ तपासून शुद्ध केला.

आपल्याला या शहराची ओढ असावी याला आणखी एक कारण आहे. संगीती चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, प. पू. बाबासाहेब येथे भरलेल्या तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्यांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहूनच आलेली! पुढे नागपूरला त्यांना दीक्षा देणारे पूज्य भदन्त चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

यानंतर श्वेडगॉनला जावे. सुमारे ९९ मीटर उंचीचा हा सुवर्णमंडित स्तूप शहरातून लांबवरून दिसतो. चारी दिशांनी जिने आहेत. वर जाणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या खाल्लेल्यांच्या वारसांना याचे मोल सांगायला नको.

परंपरा अशी की, तपस्सु व भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी आणलेले तथागतांचे आठ केस येथे आहेत. विनयपिटकात हे दोघे पहिले उपासक म्हणून येतात. संघ अजून झालाच नव्हता, म्हणून ते बुद्ध आणि धम्म या दोघांनाच शरण गेले. केसांची गोष्ट मात्र तेथे नाही, ती मागाहूनची. इतिहासकार स्तूपाचा आरंभ इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांत मानतात. श्रद्धा ठेवावी, पण हा फरक माहीत असू द्यावा.

स्तूपाभोवती वारांची आठ स्थाने आहेत, कारण बुधवारचे दोन भाग धरतात. आपल्या जन्मवाराच्या स्थानी लोक पाणी घालतात. ग्रहांची ही भीती आपण मागे टाकून आलो आहोत. तेथे भांडे हाती घेऊ नये.

आणि एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. पंधराव्या शतकात शिनसॉबू राणीने आपल्या वजनाइतके सोने या स्तूपाला दिले असे सांगतात. त्याच स्तूपाच्या वरच्या ओट्यावर स्त्रियांना जाऊ देत नाहीत. महाप्रजापती गौतमीला संघात घेणाऱ्या तथागतांच्या धम्मात हे कोठे बसते? उपासिकांनी तेथील भिक्खूंना नम्रपणे पण जरूर विचारावे.

वायव्येकडील मोठी घंटा चुकवू नये. पहिल्या युद्धात इंग्रजांनी ती पळवू पाहिली तेव्हा ती नदीत बुडाली. त्यांना ती काढता आली नाही. ब्रह्मी लोकांनी काढली आणि परत जागी आणली.

वेळ असल्यास बहादूरशहा जफरची कबर पाहावी. १८६२ मध्ये तो याच शहरात कैदेत वारला.

२०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यापासून देश अशांत आहे, तेव्हा चौकशी करूनच निघावे. जोडे आणि मोजे दोन्ही जिन्याच्या पायथ्याशीच काढावे लागतात. इंग्रज अधिकारी जोड्यांनिशी वर जात. त्याविरुद्ध बौद्ध तरुणांनी चळवळ केली, आणि १९१९ मध्ये सरकारला हा नियम विहारप्रमुखांच्या हाती द्यावा लागला.