मुदत माझ्या लहानपणीच संपली

जालना एमआयडीसीत मी सळईच्या मिलमध्ये कामाला आहे. लहानपण बालगृहात गेलं. 2011 मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तिथल्या काळजीवाहकाने मला पट्ट्याने मारलं. बक्कल मनगटात रुतलं होतं. हातमोजा चढवताना तो वण आजही दिसतो. पायावर उभा राहिलो की तक्रार करायची, हे तेव्हाच ठरवलं होतं. पुढे वकिलांकडे गेलो तर कळलं, मी बालगृहात असतानाच मुदत संपली होती.

तेव्हा 2000 चा बाल न्याय कायदा लागू होता. मुलाशी क्रूरतेला त्यात जास्तीत जास्त सहा महिने कैद. आणि तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468 सांगत होतं, की एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची तक्रार वर्षाच्या आत हवी; शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षांच्या आत. तक्रारदार अज्ञान आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच हातचं जेवणाऱ्या पोराने वर्षाच्या आत पोलीस ठाणं गाठायचं! हा सरळ अन्याय आहे.

म्हणून आधी घटनेचं साल पाहा. 15 जानेवारी 2016 पासून नवा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या कलम 75 मध्ये संस्थेच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही. बलात्कारासारख्या गंभीर लैंगिक गुन्ह्यांनाही नाही, मग वय कितीही होवो. मुंबईच्या अँकरेज आश्रयगृहातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण 2001 मध्ये पुढे आलं, उच्च न्यायालयातून आरोपी सुटले, तरी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाची शिक्षा पुन्हा कायम केली.

मानवी हक्क आयोगाकडे मात्र वर्षाच्या आतच जावं लागतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात अज्ञानपणाची सवलत आहे, पण अठरा पूर्ण झाल्यावर जास्तीत जास्त तीनच वर्षं. नेमकी हीच वर्षं खोलीभाडं, आधार कार्ड आणि नोकरी यांच्या मागे धावण्यात जातात.

मुदत गेली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. उशिराचं कारण पटलं तर न्यायालय तो माफ करू शकतं. पूर्वी कलम 473, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 519. माझा अर्ज त्याच आधारावर आहे. कधी कुठे होता, कोणाच्या ताब्यात होता, कोणाला सांगितलं, हे तारखांसह लिहून काढा. बालकल्याण समितीचे आदेश आणि स्वतःची फाईल माहिती अधिकारात मागा. तक्रारीची पोच शिक्क्यासह घ्या, कारण मुदत मोजताना तक्रार दिल्याची तारीख धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

वकिलाच्या फीला घाबरू नका. विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. तुमच्या शेजारच्या मशीनवर बालगृहातून आलेला अठरा-वीस वर्षांचा कोणी असेल, तर त्याला हे आजच सांगा आणि 15100 हा विधी सेवेचा नंबर द्या.