कालेबाचा डोंगर आणि आपला

शास्त्रभाग : यहोशवा १४:६-१५ व १५:१३-१९, उत्पत्ति ३३:१२-१४, मार्क ६:४५-४८ व ९:२-१४
पाठांतरासाठी : स्तोत्र १२१:१, २
पाठाचा उद्देश : मनात धरलेले ध्येय देवापुढे कसे ठेवावे, ते कधी एकट्याने व कधी प्रियजनांसह कसे गाठावे, हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे.

प्रस्तावना

पावसाळा सरला, हवा थंड झाली की आपल्या मंडळ्यांतील तरुणांना डोंगर खुणावू लागतात. बेळगावची मुले येळ्ळूरच्या राजहंसगडावर जातात, बडोद्याची पावागडास, इंदूरची जानापावास. ज्यांची सोय होते ते अकोले तालुक्यातील बारी गावी उतरून महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, गाठण्याचा बेत करतात. हे वेड आता केवळ तरुणांचे राहिलेले नाही. पन्नाशी ओलांडलेली एखादी भगिनी किंवा नोकरीतून निवृत्त झालेले एखादे बंधूही "एकदा तरी वर जाऊन यायचे" असे मनात धरून पहाटे चालण्याचा सराव करू लागतात.

अशा वेळी घरात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "घरदार सोडून ह्या वयात डोंगर कशाला?" दुसरा म्हणतो, "मी ठरवले आहे, मी जाणार; कोणी येवो अथवा न येवो." दोघांच्याही बोलण्यात थोडे सत्य आहे व थोडा हट्ट आहे. प्रश्न डोंगराचा दिसतो; पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. माझी स्वतःची अशी एखादी इच्छा असणे ख्रिस्ती माणसास शोभते काय? आणि शोभत असेल, तर ज्यांच्यावर मी प्रीती करतो त्यांचे त्या इच्छेत स्थान कोणते? ह्या पाठात आपण त्याचा विचार करू.

१. कालेबाची मागणी

कालेब चाळीस वर्षांचा असताना मोशेने त्याला कादेश-बर्ण्याहून देश हेरावयास पाठविले. बारा हेरांपैकी दहा जण घाबरून परतले. कालेब व यहोशवा हे दोघेच देवाच्या वचनावर भरवसा ठेवून उभे राहिले. पुढे पंचेचाळीस वर्षे गेली. त्यांतली बहुतेक रानात, दुसऱ्यांच्या अविश्वासाचे फळ भोगण्यात गेली. आता पंचाऐंशी वर्षांचा कालेब यहोशवापुढे उभा राहून हेब्रोनचा डोंगराळ मुलूख मागतो. हेब्रोन समुद्रसपाटीपासून सुमारे ९३० मीटर उंच आहे, आणि तेथे तटबंदीची नगरे व धिप्पाड अनाकी लोक होते. म्हातारपणी सपाटीवरचे सोपे शेत मागावयाचे सोडून त्याने चढणीचा वाटा मागितला.

येथे तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, त्याची इच्छा लहर नव्हती. तिला देवाच्या वचनाचे मूळ होते व ती पंचेचाळीस वर्षे टिकली. दुसरी, आपल्या अंगात बळ आहे असे तो सांगतो, परंतु यश परमेश्वर बरोबर असला तरच मिळेल हेही तो कबूल करतो. तिसरी गोष्ट पुढील अध्यायात आहे व ती आपण पुष्कळदा वाचावयाची विसरतो. डोंगर मिळाल्यावर दबीर नगर घेतले ते कालेबाचा आप्त अथनिएल ह्याने. मग कालेबाची मुलगी अखसा गाढवावरून उतरून बापाजवळ पाण्याचे झरे मागते, आणि कालेब तिला वरचे व खालचे दोन्ही झरे देतो. एका म्हाताऱ्याने आपल्यासाठी मागितलेला डोंगर शेवटी लेकीच्या घरी पाणी घेऊन आला.

तेव्हा इच्छा असणे हे पाप नव्हे. ती कोठून आली आणि तिचे पाणी कोणाकडे वाहते, हे मात्र तपासावे.

२. एकट्याची वाट

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेचियन पर्वतरांगांतून जाणारी एक लांब पायवाट आहे. तिची कल्पना १९२१ साली मांडण्यात आली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. आज तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर असून ती चौदा राज्यांतून जाते. १९५५ सालच्या मे महिन्यात एमा गेटवुड नावाची सदुसष्ट वर्षांची बाई ह्या वाटेच्या दक्षिण टोकाकडून एकटी निघाली. अकरा मुलांची ती आई होती. नवऱ्याच्या मारहाणीत तिने अनेक वर्षे काढली होती, व शेवटी ती त्याच्यापासून कायद्याने वेगळी झाली होती. मुलांना तिने एवढेच सांगितले की, मी जरा फिरून येते. पायांत कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली एक पिशवी. तंबू नाही, झोपावयाची पिशवी नाही, आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या २५ तारखेस ती उत्तर टोकाच्या काताह्दीन शिखरावर पोहोचली. ती संपूर्ण वाट एका दमात एकटीने चालणारी ती पहिली स्त्री होय.

एवढी वर्षे दुसऱ्यांचे करण्यात घालवलेल्या ह्या बाईस कोणी स्वार्थी म्हणेल काय? आपल्या घरांतही अशा माता-भगिनी आहेत. त्यांची सकाळ चुलीपाशी सुरू होते आणि रात्र भांड्यांपाशी संपते. त्यांनी कधी काही मागितले तर आपण चकित होतो. त्यांना एक दिवस स्वतःसाठी मिळावा ही मागणी मोठी नाही.

प्रभु येशूचेही पाहा. पाच हजारांना जेवू घातल्यावर त्याने शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठविले, लोकसमुदायास निरोप दिला आणि तो प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर गेला. सेवा संपली म्हणून तो गेला नाही. सेवा कधीच संपत नव्हती. परंतु मार्क पुढे जे सांगतो ते विसरू नये. तारू समुद्राच्या मध्यावर होते, वारा विरुद्ध होता, शिष्य वल्ही मारून हैराण झाले होते. प्रभूने ते पाहिले, आणि रात्रीच्या चौथ्या प्रहरी तो त्यांच्याकडे आला. एकांताने त्याची नजर प्रियजनांवरून हटली नाही. हीच खऱ्या एकांताची खूण आहे. जो एकटेपणा आपल्याला घरच्यांविषयी अधिक कोमल करून परत आणतो तो प्रभूच्या मार्गाचा. जो आपल्याला घरच्यांविषयी कठोर करतो, त्याला एकांत न म्हणता पळ काढणे म्हणावे.

३. सोबतीची वाट

सोबत घेऊन चालण्याचा सर्वांत चांगला धडा याकोबाच्या तोंडी आहे. एसाव त्याला म्हणतो, आपण बरोबर जाऊ. याकोब उत्तर देतो की, मुले सुकुमार आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या व गाई आहेत. एक दिवस जरी त्यांची जास्त दौड केली तरी कळप मरेल. म्हणून मी मुलांच्या व जनावरांच्या चालीने हळूहळू येतो. पुढे याकोब सेईरास न जाता सुक्कोथास गेला हे खरे, आणि त्याच्या मनात भावाविषयी धास्ती होती हेही खरे. तरी त्याने सांगितलेला नियम खोटा ठरत नाही. कुटुंबाला घेऊन निघालेल्या माणसाने आपली चाल विसरून सर्वांत लहानाची चाल धरली पाहिजे.

डोंगरावर हा नियम अक्षरशः लागू पडतो. जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे ठेवावे. तो मागे पडला तर इतर जण पुढे जाऊन विसावा घेतात, आणि तो धापा टाकीत पोहोचतो तोच ते उठून चालू लागतात. त्या बिचाऱ्याला विसावा कधी मिळतच नाही. संसारातही असेच घडते. एकाच्या उत्साहामागे दुसऱ्याची दमछाक चाललेली असते, आणि पुढच्याला ती दिसत नाही.

यहूदी लोक सणाला यरुशलेमेस कुटुंबकबिल्यासह जात. यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली व यरुशलेम सुमारे ७५० मीटर वर. म्हणजे पंचवीसएक किलोमीटरांत हजार मीटरांची चढण. स्तोत्र १२० ते १३४ ह्या पंधरा स्तोत्रांना आरोहणस्तोत्रे म्हणतात, आणि अशी चढण चढताना यात्रेकरू ती गात असावेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बारा वर्षांचा येशू मागे राहिला तेव्हा योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेली, कारण तो सोबत्यांत, नातलगांत व ओळखीच्यांत असेल असे त्यांना वाटले. इतका त्या सोबतीवर त्यांचा विश्वास होता.

कधी सोबती चालत असतो आणि कधी तो केवळ मनात असतो. अर्ल शेफर ह्या तरुणाने आपल्या बालमित्राबरोबर ती अमेरिकन वाट चालण्याचा बेत केला होता. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर तो मित्र मारला गेला. युद्धाचे ओझे मनावरून उतरावे म्हणून १९४८ साली शेफर एकटाच निघाला, आणि ती वाट एका दमात पुरी केल्याची पहिली नोंद त्याच्याच नावावर आहे. १९९८ साली, एकोणऐंशी वर्षांचा असताना, त्याने ती पुन्हा पूर्ण केली. ज्यांनी जोडीदार गमावला आहे अशा आपल्या बंधुभगिनींना ही गोष्ट सांगावी. दोघांनी मिळून केलेला बेत एकट्याने पुरा करणे ही मृतांविषयीच्या प्रीतीची एक रीत आहे.

४. माघारी फिरणे

एमा गेटवुड १९५४ साली प्रथम निघाली होती ती उत्तरेकडून. काही दिवसांतच ती वाट चुकली, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी तिला घरी जावयास सांगितले. ती गेली. पुढल्या वर्षी तिने दुसऱ्या टोकाकडून आरंभ केला. मोशेने नबो डोंगरावरून वचनदत्त देश डोळ्यांनी पाहिला, पण तो तेथे गेला नाही. तरी त्याच्याएवढा संदेष्टा इस्राएलात पुन्हा झाला नाही असे अनुवादाचा शेवट साक्ष देतो.

म्हणून निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ ठरवावी. ती वेळ झाली की शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी फिरावे. ढग दाटले, कोणाचा पाय मुरगळला, मुलाला ताप आला, तर डोंगर तेथेच राहील; माणूस राहीलच असे नाही. रूपांतराच्या डोंगरावर तीन मंडप करून तेथेच राहावे असे पेत्राला वाटले. शास्त्र त्या डोंगराचे नाव देत नाही. कोणी ताबोर म्हणतात, कोणी हर्मोन. नाव नसले तरी खाली काय चालले होते हे मात्र लिहिले आहे. एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता, आणि प्रभु उतरून त्याच्याकडे गेला.

५. घरी व मंडळीत

ज्याला डोंगराची इच्छा आहे त्याने ती घरात उघड बोलावी. लपवून सराव करू नये. घरच्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये. एकटे जाणाऱ्याने कोणत्या वाटेने जातो व केव्हा परततो हे लेखी ठेवावे आणि शक्यतो गावातील वाटाड्या घ्यावा. कळसूबाईच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, म्हणून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी कोरडा हंगाम निवडावा.

रविवारविषयी आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे. वर्षातून एकदा मंडळीने मिळून डोंगरावर जाऊन तेथे उपासना केली तर ती उपासनाच आहे. परंतु दर रविवारी उपासना चुकवून डोंगर गाठणाऱ्याने कालेबाची मागणी पुन्हा वाचावी. त्याने डोंगर देवापासून दूर जाण्यासाठी मागितला नव्हता.

शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्गात याकोबाचा उतारा मुलांकडून करून दाखवावा. सर्वांत लहान मुलास पुढे ठेवून रांगेने वर्गाभोवती फिरावे, मग त्यास मागे ठेवून फिरावे, आणि फरक मुलांनाच सांगू द्यावा. मोठ्या वर्गाने यहोशवाचे दोन्ही अध्याय मोठ्याने वाचावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. कालेबाची इच्छा व केवळ हौस ह्यांत कोणता फरक दिसतो?
२. तुमच्या घरात सर्वांत हळू चालणारे कोण? तुमची चाल त्यांना झेपते काय?
३. तुमच्या आईने किंवा पत्नीने स्वतःसाठी शेवटचे काय मागितले होते? तुम्ही काय उत्तर दिले?
४. अर्ध्यावरून परतणे हे केव्हा भित्रेपणाचे व केव्हा प्रीतीचे लक्षण असते?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या मनातील डोंगर तुला ठाऊक आहेत. जे तू दिले आहेत ते चढावयास आम्हांस बळ दे. एकटे असू तेव्हा तुझी सोबत दे, आणि सोबतीने असू तेव्हा थकलेल्यासाठी थांबण्याची बुद्धी दे. खाली कोणी वाट पाहत असेल तर आम्हांला वेळेवर उतरू दे. आमेन.