अग्निशमन स्वयंसेवक कोण होऊ शकतो?

खातीपुरा येथे झालेल्या आगीच्या सरावात उस्तादांनी लोखंडी ट्रेमध्ये थोडे डिझेल पेटवले आणि विचारले, "पहिला कोण?" मी धावतच पुढे गेलो. पिन ओढली, दांडा दाबला आणि सगळी पावडर माझ्याच तोंडावर आली. वारा समोरून वाहत होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. उस्तादांनी मला मागे बोलावले. त्या रात्री माझ्या मनात प्रश्न आला, आग विझवायला खरोखर कोण लायक असतो?

आपल्या देशात पगारी अग्निशमन जवानांच्या मदतीला नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक असतात. 1968 च्या नागरी संरक्षण कायद्यानुसार हे दल चालते. आग विझवणे, जखमींना प्रथमोपचार देणे, अडकलेल्यांना बाहेर काढणे अशी कामे त्यात येतात. भरतीच्या अटी सोप्या आहेत. वय 18 पूर्ण हवे, शिक्षण किमान चौथी पास आणि शरीर व मन सुदृढ हवे. स्त्री-पुरुष दोघेही येऊ शकतात. शिक्षक, दुकानदार, निवृत्त सैनिक, कोणीही आपले काम सांभाळून ही सेवा करू शकतो.

मग अवघड काय आहे? ते दोन घटनांवरून कळते.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1400 टन स्फोटकेही होती. जवान पाणी मारत असतानाच दुपारी चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो.

दुसरी घटना आपल्या जयपूरची. 29 ऑक्टोबर 2009 च्या संध्याकाळी सीतापुरा येथील तेल डेपोत पेट्रोलची गळती झाली, त्याची वाफ पसरली आणि तिचा भडका उडाला. एकामागून एक टाक्या पेटल्या. जवळ जाणे इतके धोक्याचे होते की शेवटी इंधन जळून संपू द्यावे लागले. त्याला सुमारे अकरा दिवस लागले.

अशा वेळी स्वयंसेवकाची जागा ज्वाळेजवळ नसते. लोकांना दूर नेणे, गर्दी आवरणे, बंबासाठी रस्ता मोकळा ठेवणे, हेच त्याचे काम. हुकूम मिळाल्यावर पुढे जाणे जितके महत्त्वाचे, तितकेच "थांब" म्हटल्यावर थांबणे. मी सरावात नेमके तेच चुकलो होतो.

आता आम्हा कॅडेट्सचा प्रश्न. नियमानुसार अधिकारी वयाची अट जास्तीत जास्त तीन वर्षे शिथिल करू शकतात. म्हणजे कागदावर 15 वर्षांचा मुलगाही बसू शकतो. पण वारा न पाहता धावणाऱ्याला कोण घेईल? म्हणून 18 पूर्ण होईपर्यंतची तीन वर्षे मी तयारीसाठी ठेवली आहेत. तुम्हीही आजपासून एवढे शिकू शकता:

1. आग दिसताच आधी आरोळी द्या, मग 101 किंवा 112 वर फोन करा.
2. वारा पाठीवर घ्या आणि बाहेर पडायची वाट मागे मोकळी ठेवा.
3. नळी ज्वाळेवर नाही, आगीच्या बुडाशी रोखा.
4. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नका. पाणी खाली जाते आणि जळते तेल वर तरंगून पसरते.
5. विजेची आग असेल तर आधी मेन स्विच बंद करा.
6. हजेरीत एकही मुलगा कमी भरला तर स्वतः आत न जाता उस्तादांना सांगा.

सुट्टीत घरी गेल्यावर आई-बाबांनाही हे शिकवा. आमच्या घरी गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करण्याचे काम आता माझे आहे.

पुढच्या सरावात मी पुन्हा हात वर करणार आहे. या वेळी आधी चिमूटभर माती उडवून वारा पाहीन.