वाचन होतं, पण मन कोरडंच राहतं

प्रश्न : मी रोज बायबलचे तीन अध्याय वाचते, तरी मनाला काही मिळत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, अध्याय मोजणं थांबवा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली २३ आणि २४ ही दोनच वचनं आठवडाभर मोठ्याने वाचा. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की भावाचं मन आपल्यामुळे दुखावलंय, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं येशू सांगतो. ज्याच्याशी तुमचं बोलणं तुटलंय, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. हे टाळून पुढचा अध्याय गाठण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वचन आणि माणसं वेगळी ठेवता येत नाहीत; पंडिता रमाबाईंनीही केडगावात निराधार स्त्रियांना सांभाळता सांभाळताच मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. पुढचं वाचन राहू द्या, त्या माणसाला आजच फोन करा.